पडद्यावर आपला माणूस कुठे आहे?



सिनेमा आणि मालिकांवर लिहायचे ते पेपरातल्या समीक्षकांनी, असा एक समज आहे. आम्ही समीक्षक नाही. दिवसभर कार्यालयात आवक-जावक आणि हिशेबाची रजिस्टरे सांभाळायची, संध्याकाळी भिंगारच्या वस्तीत कुणाचा जातीचा दाखला, कुणाचा शिष्यवृत्तीचा फॉर्म, कुणाचे रेशनकार्ड पाहायचे आणि रात्री भाकरी खाताना घरच्यांबरोबर समोरच्या टीव्हीवर जे लागले असेल ते बघायचे, असे आमचे पाहणे. पण तिकिटाचे पैसे आपण देतो, केबलचे भाडे आपण भरतो, मोबाईलचा रिचार्ज आपल्याच खिशातून जातो. मग पाहिले त्यावर मत देण्याचा हक्कही आपलाच आहे.

हा हक्क बजावलाच पाहिजे. आपली मुले शाळेच्या पुस्तकातून जेवढे शिकतात, तेवढेच पडद्यावरूनही शिकतात. सुंदर कोण, हुशार कोण, घरमालक कोण आणि घरकाम करणारा कोण, हे पडदा त्यांना न सांगता शिकवतो.

आमची कसोटी साधी आहे. चित्रपट संपला की आम्ही विचारतो, यात आपला माणूस कुठे होता? होता तर काय करीत होता? दुसऱ्याच्या दयेवर जगला, की स्वतःच्या पायांवर उभा राहिला? आपला माणूस म्हणजे केवळ आपल्या जातीचा नव्हे. गावकुसाबाहेरचा, पालावरचा, झोपडपट्टीतला, कष्टाने पोट भरणारा जो कुणी असेल तो आपला. या एका कसोटीवर काही चित्रपट आणि मालिका आम्ही घासून पाहिल्या, त्याचा हा लेखाजोखा.

दयेचे दिवस

१९३६ साली बॉम्बे टॉकीजचा ‘अछूत कन्या’ आला. देविकाराणी अस्पृश्य फाटकवाल्याची मुलगी आणि अशोककुमार ब्राह्मणाचा मुलगा. लहानपणापासूनचे प्रेम, पण जातीमुळे लग्न नाही. शेवटी ती मुलगी येणारी गाडी थांबवायला रुळावर धावते आणि गाडीखाली मरते. त्या काळात असा विषय घेणे धाडसाचे होते, हे मान्यच केले पाहिजे. पण त्याच १९३६ साली काय घडले ते आठवा. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांचे भाषण रद्द केले आणि बाबासाहेबांनी ते स्वतःच्या खर्चाने छापून देशापुढे ठेवले. बाबासाहेब जात मुळातून उखडा म्हणत होते, आणि पडदा सांगत होता की अस्पृश्य मुलगी चांगली असते, कारण ती दुसऱ्यासाठी मरते.

पुढे १९५९ साली बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ आला. नूतनचे काम इतके सुंदर आहे की आजही पाहताना डोळ्यांत पाणी येते. अनाथ अस्पृश्य मुलगी सवर्ण घरात वाढते. घरातली आई तिला मुलीसारखी म्हणते, पण मुलगी म्हणत नाही. शेवटी आईला रक्त लागते, सुजाताचे रक्त जुळते आणि आईचे मन पालटते. आमचा प्रश्न असा, की रक्तगट जुळला नसता तर? माणूस म्हणून घरात जागा मिळवायला बाटलीभर रक्त का द्यावे लागावे? तीन वर्षांपूर्वीच, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात लाखो लोकांनी कुणाच्या मनपरिवर्तनाची वाट न पाहता स्वतःचा मार्ग स्वतः निवडला होता. ते चित्र हिंदी पडद्याला दिसले नाही. त्याला गरीब, सोशिक, डोळे पुसणारी सुजाताच दिसली.

हे चित्रपट टाकाऊ आहेत असे आमचे म्हणणे नाही. घरात जरूर बघावेत. पण बघताना आपल्या मुलींना सांगावे की सुजाता व्हायचे नाही. तिच्यासारखे मन असू द्यावे, पण तिच्यासारखे गप्प बसू नये.

एक दगड जमीनदारावर, दुसरा आपल्यावर

१९७४ साली श्याम बेनेगल यांचा ‘अंकुर’ आला. जमीनदाराच्या तरुण मुलाने एका मुक्या-बहिऱ्या मजुराला चाबकाने फोडून काढले. अख्खे गाव बघत राहिले. शेवटी एक लहान पोरगा दगड उचलतो आणि जमीनदाराच्या खिडकीवर भिरकावतो. चित्रपट संपतो.

बरोबर चाळीस वर्षांनी, १४ फेब्रुवारी २०१४ ला, नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ प्रदर्शित झाला. मंजुळे हे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. त्यांचे जनसंज्ञापनाचे शिक्षण आपल्या नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात झाले, आणि ‘फँड्री’ची गोष्टही नगरजवळच्या अकोळनेर गावातली आहे. म्हणजे हा चित्रपट आपल्या अंगणातलाच. त्याला पहिल्या चित्रपटासाठीचा इंदिरा गांधी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि जब्याचे काम करणाऱ्या सोमनाथ अवघडेला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

जब्या हा कैकाडी समाजाचा शाळकरी पोरगा. वर्गातल्या शालूवर त्याचा जीव आहे. आपण डुकरे धरतो हे तिला दिसू नये म्हणून तो धडपडतो. शेवटी सगळ्या शाळेदेखत त्याला बापाबरोबर डुकराच्या मागे पळावे लागते आणि पोरे हसतात. डुक्कर हाताशी आले असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि सगळे कुटुंब जागच्या जागी उभे राहते. राष्ट्रगीत संपेपर्यंत डुक्कर निसटते. मग मेलेले डुक्कर बांबूला बांधून बाप-लेक शाळेच्या भिंतीवरून नेतात. त्या भिंतीवर महात्मा फुले, सावित्रीबाई, बाबासाहेब आणि गाडगेबाबा यांची चित्रे काढलेली आहेत.

आमच्या वस्तीत काही जण म्हणाले, “हे कशाला दाखवायचे? जगापुढे आपलीच लाज निघते.” आम्हाला हे पटत नाही. त्या प्रसंगात लाज कुणाची निघते? बापाबरोबर राबणाऱ्या जब्याची, की त्या भिंतीसमोर उभे राहून हसणाऱ्या गावाची? महापुरुष भिंतीवर रंगवले, पण मनात उतरवले नाहीत, एवढे सगळे तो एक प्रसंग एका शब्दाशिवाय सांगतो. आणि शेवटी जब्या दगड उचलतो तेव्हा तो दगड थेट पडद्याकडे, म्हणजे पाहणाऱ्याकडे येतो. ‘अंकुर’मधला दगड जमीनदाराच्या घरावर पडला होता. ‘फँड्री’तला दगड आपल्यावर येतो, कारण आपणही बघे म्हणून बसलेले असतो.

आमच्या कसोटीला हा चित्रपट पुरेपूर उतरतो. जब्या कुणाकडे दया मागत नाही.

खर्ड्याचा पोरगा आणि ‘सैराट’

‘फँड्री’ लागून अडीच महिनेही झाले नव्हते. २८ एप्रिल २०१४ ला आपल्याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला, सतरा वर्षांच्या एका दलित शाळकरी मुलाला हाल करून मारले गेले. सवर्ण मुलीशी बोलतो, एवढाच संशय. जब्याचे शालूवर मन होते तसेच हे वय. सिनेमातल्या पोराच्या हाती निदान दगड आला. खऱ्या पोराला तेवढाही अवकाश मिळाला नाही.

‘फँड्री’ ही काल्पनिक गोष्ट आहे म्हणून सोडून देणाऱ्यांनी या दोन तारखा शेजारी शेजारी लिहून ठेवाव्यात.

त्यानंतर किती आई-बापांनी आपल्या पोरांना बजावले असेल, “मान खाली घालून जा, कुणाच्या पोरीकडे बघू नको!” ही भीती खोटी नाही. पोटच्या पोराचा प्रश्न असतो. पण भीतीने तोंड शिवून घेतले, तर पोरांनी मनातले बोलायचे कुणाशी? इथे चित्रपटाचा उपयोग होतो. जे आपल्या घरात थेट बोलता येत नाही, ते जब्याच्या आणि परश्याच्या निमित्ताने बोलता येते.

२९ एप्रिल २०१६ ला मंजुळे यांचाच ‘सैराट’ आला. मराठी चित्रपटाने शंभर कोटींच्या घरात गल्ला जमवावा, हे त्याआधी कुणाच्या स्वप्नातही नव्हते. लग्नाची वरात असो की गणपती, त्यातल्या गाण्यांवर सगळा महाराष्ट्र नाचला. आमची तक्रार नाचण्याबद्दल नाही. तक्रार अशी, की पुष्कळांनी निम्माच ‘सैराट’ डोक्यात ठेवला. विहीर, बुलेट, ट्रॅक्टर चालवणारी आर्ची एवढेच. आम्हाला विचाराल तर खरा ‘सैराट’ मध्यंतरानंतर सुरू होतो. परक्या हैदराबादेत, ओळखपाळख नसताना, दोन पोरे झोपडपट्टीतल्या एका खोलीत संसार मांडतात. पाटलाची लाडाची लेक कारखान्यात कामाला जाते. परश्या डोशाच्या गाडीवर राबतो. भांडतात, रुसतात, पुन्हा एक होतात, पै-पै जोडतात. कष्ट करून जगणारी आपली माणसे तो भाग पाहून म्हणतील, हे खरे आहे.

आणि मग तो शेवट. आवाज नाही, संगीत नाही. लहान मूल रडत बाहेर येते, त्याची पावले रक्ताने माखलेली. रिंकू राजगुरूला या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला, तो योग्यच झाला.

पण हा शेवट पाहून काही घरांत भलताच धडा घेतला गेला. “बघा, कॉलेजात पाठवले की असे होते,” म्हणून पोरींच्या शिक्षणावर गदा आली. वाचकहो, ‘सैराट’ने हा धडा दिलेला नाही. त्यात खून कॉलेजाने केला नाही, प्रेमाने केला नाही. घराण्याच्या इभ्रतीने केला. ज्या बापाला ‘सैराट’ पाहून आपल्या मुलीला कोंडावेसे वाटते, त्याने परश्याच्या बाजूने नव्हे, पाटलाच्या बाजूने चित्रपट पाहिला, असेच म्हणावे लागेल.

२०१८ साली ‘सैराट’वरून हिंदीत ‘धडक’ निघाला. उदयपूरचे महाल आले, कपडे भारी आले, जात मात्र अंगावरून पुसून टाकावी तशी पुसट झाली. जातच काढली तर खून कशासाठी झाला? जुनी चव आठवत मीठ नसलेले कालवण खावे, तसे वाटले.

कोर्टाची पायरी

खर्ड्याच्या खटल्याचा निकाल नोव्हेंबर २०१७ मध्ये लागला. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले आणि आरोपी सुटले. असे कसे होते, हा प्रश्न आपल्या प्रत्येकाच्या मनात आला. त्याचे काही उत्तर चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या चित्रपटात आहे. २०१४ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. पण आपल्या वस्त्यांत तो फार थोड्यांनी पाहिला.

एक म्हातारा लोकशाहीर, नारायण कांबळे. त्याच्या गाण्यामुळे एका गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप ठेवून पोलीस त्याला धरतात. ही भूमिका नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली. ते नट नव्हते, चळवळीतले होते. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने त्यांना नेले. या चित्रपटात खलनायक शोधून सापडत नाही. सरकारी वकीलबाई घरी जाऊन स्वयंपाक करतात, मुलाचा अभ्यास घेतात, आपल्याचसारख्या मध्यम घरातल्या. न्यायाधीश सुट्टीत कुटुंबाबरोबर सहलीला जातात. सगळे आपापले रोजचे काम करतात आणि त्या कामातच म्हाताऱ्या शाहिराचे आयुष्य तारखांमध्ये जिरत जाते. आम्ही स्वतः कारकून आहोत. ‘पुढील तारीख’ हे दोन शब्द लिहायला किती सोपे असतात ते आम्हाला ठाऊक आहे. ज्याच्या नावापुढे ते लिहिले जातात त्याचे काय होते, ते ‘कोर्ट’ दाखवतो. चित्रपट संथ आहे, पहिली दहा मिनिटे चुळबुळ होईल. तरी नेटाने बसा.

२०२१ साली तमिळमध्ये ‘जय भीम’ आला. टी. जे. ज्ञानवेल दिग्दर्शक आणि सूर्या हा तिकडचा मोठा नट. १९९३ सालच्या एका खऱ्या खटल्यावरची ही गोष्ट आहे. इरुला या आदिवासी समाजातल्या माणसाला पोलीस चोरीच्या आळावरून नेतात, तो परत येत नाही आणि त्याची गरोदर बायको न्यायासाठी झगडते. तिचा खटला चालवणारे वकील के. चंद्रू पुढे मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

हा चित्रपट वकिलाचा उदोउदो करतो, ती बाई मागे पडते, असे काही जण म्हणतात. त्यात थोडे तथ्य आहे. पण आमच्या लक्षात राहिली ती बाईच. मोठा अधिकारी तिच्यापुढे पैशाची तडजोड ठेवतो. घरात खायला दाणा नाही, पोटात मूल आहे, तरी ती नाही म्हणते. हा नकार म्हणजेच पायांवर उभे राहणे. आणि शेवटी तिची चिमुरडी पोर वकिलासमोरच्या खुर्चीत पायावर पाय टाकून पेपर उघडून बसते. आपल्या लेकींना हे दृश्य पुन्हा पुन्हा दाखवावे.

फक्त रडायचेच का?

आमच्या घरातल्या बायकांचे म्हणणे असे, की आपल्यावरच्या चित्रपटांत नेहमी रडारड आणि मारझोडच का? आपण काय रोज मरतोच का? आपण हसतो, सण करतो, १४ एप्रिलला नवे कपडे घालतो, पोरे डीजेपुढे नाचतात. हे म्हणणे अगदी बरोबर आहे.

म्हणून २०२२ सालचा ‘झुंड’ आम्हाला भावला. नागपूरचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल शिकवला, त्यावरचा हा चित्रपट. अमिताभ बच्चन मुख्य भूमिकेत. पण चित्रपट पोरांचाच आहे, आणि ती पोरे नागपूरच्या वस्त्यांतून आणलेली. त्यात भीमजयंतीचा सोहळा आहे. वर्गणी मागणारी पोरे आहेत, निळे झेंडे आहेत, बाबासाहेबांच्या भव्य चित्रासमोर नाच आहे. हिंदी पडद्यावर गणपती, होळी, करवा चौथ आपण शेकडो वेळा पाहिले. आपली जयंती इतक्या डौलात आम्ही तिथेच पाहिली. चित्रपट लांबला आहे, शेवटी थोडा रेंगाळतो, पण त्या जयंतीसाठी ते सहन करावे.

२०२३ साली ‘मेड इन हेवन’ या वेब मालिकेच्या एका भागात राधिका आपटेने दलित वधूची भूमिका केली. शिकलेली, नावाजलेली मुलगी, नवरा वेगळ्या जातीचा. लग्न आपल्या बौद्ध पद्धतीनेही लागले पाहिजे, असा ती आग्रह धरते. श्रीमंती थाटाची ती मालिका आपल्यापैकी थोड्यांनीच पूर्ण पाहिली असेल, पण त्या विधीची चित्रफीत मोबाईलवरून वस्तीत फिरली.

हा भाग नीरज घायवान यांचा. त्यांचाच ‘होमबाउंड’ २०२५ मध्ये आला. दोन मित्र, एक दलित आणि एक मुसलमान. दोघांचे स्वप्न पोलीस भरतीचे, कारण वर्दी अंगावर आली की लोक जात-धर्म विचारणार नाहीत, अशी त्यांची आशा. दलित पोरगा जात कळू नये म्हणून राखीव जागेचा फॉर्मच भरत नाही. पुढे टाळेबंदी येते आणि दोघे गावाकडे चालत निघतात. भरतीचे फॉर्म भरून देण्याचे काम आम्ही करतो. ‘प्रवर्ग’ या रकान्यापाशी पोराचा हात थबकतो, तो क्षण आम्ही पाहिलेला आहे. त्या हाताला सांगावेसे वाटते, बाळा, तो रकाना म्हणजे कुणाची भीक नव्हे, तो संविधानाने दिलेला हक्क आहे.

किल्ल्यातून निघालेली मालिका

आता दूरदर्शनकडे येऊ. भिंगारकरांना आपला भुईकोट किल्ला रोजच्या पाहण्यातला. १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरूंना इंग्रजांनी याच किल्ल्यात कैदेत ठेवले होते, आणि ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ त्यांनी इथेच लिहिला. त्यावर श्याम बेनेगल यांनी ५३ भागांची ‘भारत एक खोज’ ही मालिका केली. १९८८-८९ मध्ये ती दूरदर्शनवर लागत असे.

त्या मालिकेत महात्मा फुले यांची भूमिका कुणी केली, हे आजच्या पोरांना विचारा. सांगता येणार नाही. ती केली आपल्या नगरच्या सदाशिव अमरापूरकरांनी! ‘अर्धसत्य’मधला रामा शेट्टी आणि ‘सडक’मधली महाराणी म्हणून ज्यांना पाहून पोरे घाबरत, तेच अमरापूरकर फुल्यांच्या पगडीत उभे राहिले, आणि खलनायकाचा मागमूस चेहऱ्यावर उरला नाही. २०१४ च्या नोव्हेंबरात ते गेले. नगरचा किल्ला, त्यात लिहिलेला ग्रंथ, त्यावरची मालिका आणि तिच्यात नगरचाच माणूस जोतिबा फुले झालेला. शिवाय सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे घेतले तेही नगरच्या मिस फरार यांच्या शाळेत. एवढा वारसा आपल्या दारात आहे.

फुल्यांवरचे चित्रपट जुनेच. १९५४ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत आचार्य अत्रे यांच्या ‘महात्मा फुले’ला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले होते. अलीकडे एप्रिल २०२५ मध्ये अनंत महादेवन यांचा हिंदी ‘फुले’ आला. ११ एप्रिलला, जोतिबांच्या जयंतीला लागणार होता, तो २५ एप्रिलला लागला. विरोध झाला, आणि जातींच्या नावांवर सेन्सॉरची कात्रीही चालली. सत्तर वर्षांपूर्वी जो विषय रौप्यपदकाचा, तो आज वादाचा झाला. आपण पुढे आलो की मागे गेलो, हे ज्याचे त्याने ठरवावे.

बाबासाहेबांवरचा डॉ. जब्बार पटेल यांचा चित्रपट २००० साली आला. मामुट्टी यांना त्यासाठी उत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. केरळचा नट बाबासाहेब कसे करील, अशी शंका अनेकांना होती. पण त्यांनी बाबासाहेबांचा आवाज काढण्याची नक्कल केली नाही. वाचताना दमलेला, चिडलेला, एकटा पडलेला, तरी न वाकणारा माणूस उभा केला.

१८ मे २०१९ ला, बुद्धपौर्णिमेला, स्टार प्रवाहवर ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा’ ही मालिका सुरू झाली. सागर देशमुख बाबासाहेब झाले आणि शिवानी रांगोळे रमाई. वस्तीत त्या वेळेला गल्ल्या ओस पडत. आजी-नातू एकत्र बसत. ज्यांना वाचता येत नाही त्या बायाबापड्यांपर्यंत चवदार तळे आणि गोलमेज परिषद पोचली, हे या मालिकेचे मोठे ऋण आहे. रमाईचे कष्ट घराघरात कळले. पण दोष सांगायलाच हवा. रोजच्या भागासाठी प्रसंग ताणले गेले. बाबासाहेब बोलू लागले की ढोल-ताशे आणि शंखनाद कशाला? पुराणातल्या देवांच्या मालिकांची सवय लागल्याने असे होते. बाबासाहेब चमत्काराने मोठे झाले नाहीत, अभ्यासाने झाले. अठरा-अठरा तास वाचणारा माणूस दाखवायला संगीत लागत नाही, एक दिवा आणि एक टेबल पुरते. त्या दृष्टीने राज्यसभा टीव्हीवर २०१४ मध्ये दाखवलेली बेनेगल यांची ‘संविधान’ ही दहा भागांची मालिका पाहावी. सचिन खेडेकर बाबासाहेब झाले आहेत. घटना समितीत एकेका कलमावर काय घासाघीस झाली ते तिच्यात कळते. दहावी-बारावीच्या मुलांना ती दाखवावीच.

दारावरच्या पाट्या

आणि संध्याकाळी सात ते दहाच्या सासू-सुनांच्या मालिका? घरच्या बायकांना दिवसभराच्या कष्टानंतर तेवढाच विसावा. त्यावर तोंडसुख घेणे आम्हाला मान्य नाही. पण एक गंमत करून पाहा. त्या घरांच्या दारावरच्या पाट्या वाचा. ‘आभाळमाया’त जोशी, ‘चार दिवस सासूचे’मध्ये देशमुख, ‘होणार सून मी ह्या घरची’त गोखले, ‘माझ्या नवऱ्याची बायको’त सुभेदार, ‘आई कुठे काय करते’त पुन्हा देशमुख. कांबळे, साळवे, भालेराव, जाधव यांच्या घरात सुना नाहीत का? त्यांच्या घरात लग्ने होत नाहीत, रुसवे होत नाहीत, कुणी बँकेत साहेब होत नाही? आमच्या पाहण्यात तरी कांबळे आला तो बहुधा शिपाई किंवा हवालदार म्हणून. शिपाई असण्यात कमीपणा नाही. आपल्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटली. पण शिपायालाही संध्याकाळी जायला घर असते. त्या घराच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब असतात. ती भिंत मालिकांना अजून दिसलेली नाही.

मग आपण काय करावे?

पहिले, महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर विहारात किंवा समाजमंदिरात एक चांगला चित्रपट सगळ्यांनी मिळून पाहावा. पूर्वी जयंतीच्या सप्ताहात पडदा लावून चित्रपट दाखवत, आता प्रोजेक्टर भाड्याने मिळतो. ज्याचा त्याने मोबाईलवर पाहिलेला चित्रपट चर्चेला उरत नाही.

दुसरे, संपल्यावर लगेच उठू नये. अर्धा तास बोलावे. आधी मुलांनी, मग बायकांनी आणि शेवटी पुरुषांनी बोलावे. आपला माणूस कुठे होता, तो कुणाच्या भरवशावर होता, आणि मी त्याच्या जागी असतो तर काय केले असते, एवढे तीन प्रश्न पुरे.

तिसरे, ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ मुलगा-मुलगी दोघांना शेजारी बसवून दाखवावेत. घाबरवण्यासाठी नव्हे, मनातले बोलते करण्यासाठी. आपल्या पोराला कुणी धमकावत असेल, तर ते पहिल्यांदा आपल्याला कळले पाहिजे, इतका घरात मोकळेपणा हवा. खर्ड्याच्या त्या मुलासाठी आपण आता काही करू शकत नाही. आपल्या घरातल्या मुलासाठी करू शकतो.

चौथे, जी पोरे दिवसभर मोबाईलवर असतात म्हणून आपण ओरडतो, त्यांनाच सांगावे, वस्तीतल्या एखाद्या आजीची पाच मिनिटांची चित्रफीत करून आण. जेऊरच्या पोराने नगरच्या कॉलेजात कॅमेऱ्याचे शिक्षण घेतले आणि राष्ट्रीय पुरस्कार आणला. भिंगारच्या पोरीला ते का जमू नये? संकलन, ध्वनी, प्रकाशयोजना, पटकथा ही सगळी पोटाला लावणारी कामे आहेत. त्यांचे अभ्यासक्रम आहेत, शिष्यवृत्त्या आहेत. फॉर्म भरायला आम्ही संध्याकाळी असतोच.

जयभीम!